नदीची तपासणी दुकानाच्या मागच्या दारी

नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा भर पावसाळ्यात येतो. प्रयागला माघाच्या थंडीत स्नानं होतात, उज्जैनला चैत्र-वैशाखाच्या उन्हात; आपल्याकडच्या पर्वण्या श्रावण-भाद्रपदातल्या. २०१५ मध्ये नाशिकच्या तीन पर्वण्या २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला झाल्या. २०२७ मध्येही ऑगस्ट-सप्टेंबरच आहे. देशभरातून आलेली माणसं गोदावरीच्या रामकुंडात उतरतील तेव्हा नदीत गंगापूर धरणाचं पाणी असेल, तसंच नाशिक शहर धुऊन उतरलेलं पाणीही असेल. सिंहस्थाच्या तयारीत रस्ते, पूल, घाट, मलनिस्सारण केंद्रं यांच्या बातम्या रोज येतात. शहर धुऊन उतरणाऱ्या या पाण्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. ते पाणी स्वच्छ ठेवायचं असेल तर महापालिकेने दर उन्हाळ्यात गॅरेज, वर्कशॉप, हॉटेलं, भंगाराची गोदामं, काँक्रीटचे प्लांट यांच्या आवारात जाऊन तपासणी केली पाहिजे. ती वेळापत्रक ठरवून व्हावी, आणि तिचा निकाल लोकांसमोर ठेवला जावा.

आपल्याकडे गोदावरीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की गाडी लगेच एसटीपीवर, म्हणजे मलनिस्सारण केंद्रांवर, जाते. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर या केंद्रांची क्षमता किती, त्यांतून बाहेर पडणारं पाणी मानकात बसतं की नाही, नवीन केंद्र कधी होणार. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गोदावरीच्या प्रदूषणावर जनहित याचिका दाखल झाली, नागपूरच्या ‘निरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेला त्यात लक्ष घालावं लागलं, आणि तेव्हापासून या प्रश्नांचा पाठपुरावा करणाऱ्या नाशिककरांनी शहरावर उपकारच केले आहेत. पण एसटीपीला पोचतं ते मलवाहिकेतलं पाणी. संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघर यांतून निघालेलं. रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळीखाली जे पावसाळी गटार असतं, त्याची वाट वेगळी आहे. ते जवळच्या नाल्यात उतरतं आणि नाला नदीत. मध्ये टाकी नाही, यंत्र नाही, जिवाणू सोडलेलं कुंड नाही. जाळीतून आत गेलेलं ऑइल सातपूरला नंदिनीत पडतं, उंटवाडी, मुंबई नाका करत टाकळीकडे जातं आणि गोदावरीला मिळतं. पंचवटीतून वाघाडी येते, जुन्या नाशकात सराफ बाजाराजवळून सरस्वती नाला येतो. त्यांचीही तीच तऱ्हा.

म्हणून एसटीपी कितीही बांधले तरी या पाण्याला त्यांचा उपयोग नाही. पावसाचं पाणी गोळा करून शुद्ध करायचं म्हटलं तर ते झेपणारंही नाही, कारण जोराच्या सरीत तासाभरात जे पाणी उतरतं त्याला पुरेल एवढं केंद्र कुठलंच शहर बांधू शकत नाही. मग एकच जागा उरते, घाण जिथून पाण्यात मिसळते ती. ती जागा बहुतेक वेळा कुणाच्या तरी दुकानाची मागची बाजू असते.

नाशिकचा पाऊस याला आणखी धार देतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, अवकाळी सोडला, तर शहर कोरडं असतं. या आठ महिन्यांत अंगणात, रॅम्पवर, गोदामाच्या पत्र्यावर, रस्त्याच्या कडेला जे जे सांडतं ते तिथेच बसून राहतं. मग रोहिणी-मृगाची पहिली जोराची सर येते आणि आठ महिन्यांचा हिशेब अर्ध्या तासात नाल्यात जातो. वर्षभर थोडाथोडा पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हा मारा विभागला जातो, आपल्याकडे तो एकदम बसतो, आणि तोही नदीत पाणी सगळ्यात कमी असताना. पहिल्या पावसानंतर नंदिनीच्या पुलावर उभं राहिलं की हे दिसतं. पाणी आधी काळपट, मग चहासारखं, वर इंद्रधनुष्यी तवंग, कुठे बंधाऱ्याखाली फेस. पुलांवर महापालिकेने कचरा फेकू नये म्हणून जाळ्या बसवल्या, ते चांगलंच झालं. हा कचरा मात्र पुलावरून फेकलेला नसतो.

आकडा अगदी साधा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. दीडशे चौरस मीटरच्या गॅरेजच्या अंगणात वीस मिलिमीटरची एक सर आली तर तीन हजार लिटर पाणी त्या अंगणावरून वाहत जाळीत जातं. अंगण जसं असेल तसं पाणी.

हे अंगण जवळून बघा. चारचाकीचं सर्व्हिसिंग चालू आहे. काळं ऑइल कुणी गटारात ओतत नाही, कारण त्याला भाव मिळतो; ते डब्यात जमा होतं आणि विकलं जातं. गळती वेगळीच असते. काढलेला ऑइल फिल्टर जमिनीवर उलटा ठेवलेला असतो, त्यातून थेंब थेंब निथळत राहतं. ड्रम उघड्यावर असतो, झाकण अर्धवट, आणि पाऊस आला की ड्रममध्ये पाणी भरून ऑइल वरून सांडतं. इंजिनचे भाग डिझेलमध्ये धुतात, ते डिझेल तसराळ्यातून फरशीवर येतं. संध्याकाळी दुकान बंद करताना पोऱ्या पाइप लावून सगळं धुऊन काढतो. मालकाच्या दृष्टीने दुकान स्वच्छ झालं. पाणी उताराने जाळीपाशी गेलं. शेजारी भुश्याचं पोतं असतं, तो सांडलेल्या ऑइलवर टाकून झाडूने गोळा केला असता तर पाइप लागलाच नसता. यात दुष्टपणा कुठेही नाही. त्या माणसाला कुणी सांगितलेलं नाही की ती जाळी नदीत उघडते.

अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये हीच गोष्ट लेथच्या चिप्सची. कटिंग करताना वापरलेलं कूलंट, म्हणजे तेल आणि पाण्याचं दुधाळ मिश्रण, त्या लोखंडी किसाला चिकटलेलं असतं. भंगारवाला येईपर्यंत चिप्सचा ढीग शेडबाहेर, कंपाउंडच्या कडेला पडून असतो. त्यावर पत्रा नाही, खाली ओटा नाही. जूनमध्ये तो ढीग धुतला जातो. धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगवाल्यांचं प्रकरण याहून गंभीर. निकेल, क्रोमियम, आम्लं यांचं पाणी नाल्यात गेलं तर ते नुसतं घाण दिसत नाही, विष ठरतं. मलवाहिकेत गेलं तर एसटीपीतले जिवाणू मारतं. प्लेटिंग उद्योगांसाठी सामायिक प्रक्रिया केंद्राची चर्चा नाशकात वर्षानुवर्षं चालू आहे. पाऊस सुरू झाला की साठवलेलं पाणी सोडून द्यायचं, म्हणजे कुणाचं ते कळत नाही, ही औद्योगिक वसाहतींभोवतीच्या लोकांची जुनी तक्रार आहे.

हॉटेलांच्या मागे खरकटं आणि तेल. मिसळीचं हे शहर आहे, तर्रीचा मान आपण सगळे राखतो, पण ती भांडी आणि तळणीच्या कढया मागच्या बोळात धुतल्या जातात तेव्हा तेल कुठे जातं हे बघायला हवं. तेल-चरबी अडवणारा ग्रीस ट्रॅप बसवलेला असतो, पण साफ केलेला नसला की तो नुसता दगडी खड्डा. बांधकामांच्या ठिकाणी काँक्रीटचे मिक्सर धुतलेलं पाणी इतकं अल्कधर्मी असतं की त्याचा पीएच बाराच्या आसपास जातो. त्यात मासा जगत नाही. बाजार समितीच्या आवारातला सडका भाजीपाला, वॉशिंग सेंटरचा शाम्पू, ट्रक उभे राहतात तिथलं डिझेल, सगळं त्याच जाळीकडे जातं.

कायद्याची अडचण नाही. जलप्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, १९६९ मध्ये केला. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चं. केंद्राच्या १९७४ च्या कायद्याचं कलम २४ सांगतं की प्रदूषक पदार्थ प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, जाणूनबुजून जाऊ देता येणार नाही. आणि त्या कायद्यात ‘प्रवाह’ म्हणजे काय, याची व्याख्या फार दूरदृष्टीची आहे. वाहता असो की तूर्त कोरडा, जलमार्ग तो प्रवाहच. म्हणजे मे महिन्यात ठणठणीत कोरडा पडलेला नालाही कायद्याने नदीचाच भाग. बांधकामाचा राडारोडा, घनकचरा नाल्या-गटारांत जाऊ न देण्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्याच्या यादीत आहे.

अडतं ते प्रत्यक्ष जाण्यात. मंडळाचं मनुष्यबळ मोठ्या कारखान्यांच्या संमतीपत्रांत आणि त्यांच्या सांडपाण्याच्या नमुन्यांत गुंतलेलं. अन्न व औषध प्रशासनाचा माणूस हॉटेलाच्या ओट्यावर बघतो. महापालिकेचा स्वच्छता निरीक्षक प्लास्टिकच्या पिशव्या आणि दारातला कचरा बघतो. अग्निशमनवाला सिलिंडर बघतो. मागच्या बोळातल्या चेंबरचा ढापा उचलून आत वाकून बघणं हे मात्र यांच्यापैकी कुणाच्याच रोजच्या कामात ठळकपणे लिहिलेलं नाही. प्रत्येकाचं लक्ष दुसरीकडे, आणि चेंबर मधल्यामध्ये.

अमेरिकेत हे काम शहरांवर कायद्याने टाकलेलं आहे. तिथला स्वच्छ पाण्याचा कायदा १९७२ चा. सुरुवातीला त्याचं सगळं लक्ष कारखान्यांच्या आणि मैल्याच्या पाइपांवर होतं. तेवढ्याने नद्या सुधारेनात, तेव्हा १९८७ मध्ये पावसाळी पाण्याची तरतूद झाली आणि १९९० च्या नियमांनी एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांना पावसाळी गटारांसाठी परवाना घेणं भाग पडलं. गटारातून नदीत जे जाईल त्याला शहर जबाबदार. त्यामुळे शहरंच मग गॅरेज, रेस्टॉरंट, पेट्रोल पंप यांच्या तपासण्या करू लागली, गटारांना जोडलेल्या चोरट्या जोडण्या शोधू लागली. या रचनेतलं एक तत्त्व मला आपल्यासाठी कळीचं वाटतं. जबाबदारी शहराच्या गळ्यात असली की तपासणी ही कुणाची मेहरबानी राहत नाही. नाशिक महापालिकेच्या प्रत्येक पावसाळी गटाराचं तोंड जिथे नाल्यात उघडतं, तिथल्या पाण्याची जबाबदारी महापालिकेने लेखी स्वीकारली तर पुढचं सगळं आपोआप मागे येईल.

त्यांच्याकडची एक युक्ती आपल्या हवामानाला त्यांच्यापेक्षाही चांगली लागू पडते. पाऊस नसताना पावसाळी गटार वाहत असेल तर त्यात पावसाचं पाणी असूच शकत नाही. नाशकात एप्रिल-मे म्हणजे दोन महिन्यांची बिनखर्चाची प्रयोगशाळा. गटाराचं तोंड ओलं दिसलं की वरच्या अंगाला एकेक चेंबर उघडत जायचं. हे ओलं, पुढचं ओलं, त्यापुढचं कोरडं. म्हणजे जोडणी या दोन ढाप्यांच्या मधे आहे. तिथे दुकानं असतील चार-पाच. बादलीभर रंगीत पाणी एकेकाच्या मोरीत ओतलं की अर्ध्या तासात कळतं कुणाचं. त्याला ना मोठं यंत्र लागतं ना सल्लागार कंपनी. लागतात दोन मजूर, एक पहार, एक कनिष्ठ अभियंता आणि उन्हात फिरायची तयारी. पावसाळी गटार योजनेवर या शहराने मोठा पैसा खर्च केला आणि त्यावर आरोप-प्रत्यारोपही भरपूर झाले. त्या गटारांमध्ये आज काय वाहतं हे तपासायला त्या मानाने काहीच लागणार नाही.

आता विरोधाचं बोलू. कारण तो खोटा नाही.

छोटा व्यावसायिक म्हणेल, आणखी एक इन्स्पेक्टर, आणखी एक हप्ता. ही भीती मी हलकी मानत नाही. आधीच त्याच्या दारात किती खात्यांची माणसं येतात हे बाजारपेठेत बसलेल्या कुणालाही विचारा. तपासणी म्हणजे चिरीमिरी असं समीकरण ज्याने वीस वर्षं पाहिलं आहे त्याला नदीचं नाव सांगून पटणार नाही. पण चिरीमिरी वाढते ती एका विशिष्ट प्रकारच्या तपासणीत. कधी येणार माहीत नाही, काय बघणार माहीत नाही, दंड किती हे त्याच माणसाच्या तोंडी, आणि कागद कुणालाच दिसत नाही. हे चारही बदलता येतात. काय बघणार याचं एक पानी मराठी पत्रक जानेवारीतच प्रत्येकाच्या हातात पडावं. कुठल्या आठवड्यात कुठल्या गल्लीत तपासणी आहे ते विभागीय कार्यालयाबाहेर लागावं. बघणारा एक आणि दंड ठरवणारा दुसरा असावा. फोटो जागेवर, त्यावर तारीख-वेळ, अहवालाची प्रत मालकाच्या हातात आणि तीच प्रत महापालिकेच्या संकेतस्थळावर. अहवाल सगळ्यांना दिसत असेल तर तो विकत घेण्यात अर्थ उरत नाही, कारण शेजारच्या दुकानदाराला दिसतं की आपल्याला नोटीस आली आणि तशाच अंगणाच्या याला नाही.

पहिल्या भेटीत दंड नको. हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो. फिल्टरखाली पत्र्याचा ट्रे, ड्रमवर झाकण आणि वर छप्पर, चिप्सखाली ओटा आणि वर पत्रा, पाइपाऐवजी भुसा, ग्रीस ट्रॅप ठरल्या दिवशी उपसणं, भांडी धुण्याची मोरी मलवाहिकेला जोडणं. निम्म्याहून जास्त दोष एवढ्यातच सुटतात आणि यातलं बरंच काही दुकानदार आठवड्याभरात, स्वतःच्या हाताने करू शकतो. त्याला दाखवा, पंधरा दिवस द्या, परत जा. परत जाणं हाच तपासणीचा खरा भाग. एकदा जाऊन फोटो काढून आलेल्या मोहिमा आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार २०१७ च्या जानेवारीत केवढ्या मोठ्या फौजफाट्याने हटवला, आणि नंतर तिथे दुकानं पुन्हा कशी उभी राहिली हेही शहराने पाहिलं. एका दणक्यातल्या कारवाईने माणसं हलतात, ऑइल मुरायची जागा तेवढी बदलते. त्याच बाजारात दर तीन महिन्यांनी एक माणूस चेंबर उघडून बघत असता तर कदाचित जास्त फरक पडला असता.

मात्र ज्याने चोरून पाइप जोडला आहे, पावसाचा आडोसा घेऊन टाकी रिकामी केली आहे, त्याला पंधरा दिवसांची सवलत कशासाठी? तो चुकलेला नाही, त्याने ठरवून केलं आहे. तिथे नमुना घेऊन थेट प्रदूषण मंडळाकडे प्रकरण गेलं पाहिजे. गॅरेजच्या पोऱ्याला आणि अशा मालकाला एकाच मापाने मोजलं तर दोघांपैकी पोऱ्याच आधी सापडतो, हे आपण ओळखून आहोत.

दुसरा विरोध जास्त वजनदार आहे. गोदावरीत सगळ्यात जास्त घाण महापालिकेच्या हद्दीतल्या मैलापाण्याचीच जाते, मग गॅरेजवाल्याला का धरता? यातलं पहिलं वाक्य मला मान्य आहे. दुसरं त्यातून निघत नाही. मैल्यातलं सेंद्रिय द्रव्य नदी काही अंतरात, प्राणवायू मिळाला तर, पचवते. निकेल, क्रोमियम पचत नाहीत; ते गाळात बसतात आणि पुढे सरकतात. पुढे म्हणजे नांदूरमध्यमेश्वरला, जे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झालं, आणि त्याच्याही पुढे जायकवाडीला, जिथून छत्रपती संभाजीनगर पाणी पितं. नाशिक आणि मराठवाडा यांच्यात किती टीएमसी पाणी सोडायचं यावरून वाद होतो. सोडलेल्या पाण्यात काय आहे याचा जाब त्यांनी आपल्याला अजून नीट विचारलेला नाही. विचारला तर आपल्याकडे उत्तर नाही.

आणि मैल्याचा विरोध ज्या मुद्द्यावर उभा आहे त्यातच या योजनेची सुरुवात दडलेली आहे. महापालिकेने पहिली तपासणी स्वतःची करावी. वाहनांची कार्यशाळा, घंटागाड्या धुतात ती जागा, पाथर्डीचा खत प्रकल्प, विभागीय गोदामं, ठेकेदारांचे डांबराचे आणि काँक्रीटचे प्लांट. तिथे ड्रमवर झाकण आहे का, धुतलेलं पाणी कुठे जातं, पावसात कचऱ्याच्या ढिगातून झिरपणारं पाणी अडवलं आहे का. हे अहवाल आधी प्रसिद्ध व्हावेत, दोषांसकट, आणि दुरुस्तीच्या तारखांसकट. ज्या अधिकाऱ्याने स्वतःच्या खात्याच्या अंगणाचा खराब शेरा जाहीर केला आहे, त्याला अंबडच्या वर्कशॉपवाल्यासमोर उभं राहताना कुणी अडवणार नाही.

एवढं सगळं शहरभर एका वर्षात होणार नाही, आणि तसा आव आणून पुन्हा मोहिमेचा फलक लावण्यात अर्थही नाही. पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर, नाशिकरोड असे सहा विभाग आहेत. प्रत्येकाने आपला एकच नाला निवडावा आणि त्या नाल्याला मिळणाऱ्या प्रत्येक पावसाळी गटाराचं तोंड रंगाने क्रमांक घालून नकाशावर आणावं. सिंहस्थाआधीच्या एप्रिलमध्ये त्यातलं कुठलं वाहतं आहे आणि कुठलं कोरडं, ही यादी प्रसिद्ध करावी. वाहणाऱ्या तोंडापासून वर चढत जायला मे महिना पुरतो. जूनमध्ये पहिल्या सरीला त्याच तोंडांवर बाटल्या भरून ठेवाव्यात, म्हणजे ऑगस्टमध्ये भाविक पाण्यात उतरण्याआधी महापालिकेला, प्रदूषण मंडळाला आणि नाशिककरांना कळलेलं असेल की कुठल्या गटाराचं काम झालं आणि कुठल्याचं बाकी आहे.